देवाच्या नावाचे सेकंद

४ नोव्हेंबर, मंगळवार

काल लिहिलं की विमलाबाईंनी पेढे वाटले. चूक. खोबऱ्याच्या वड्या होत्या. आणि पाचजणींना वाटल्या असं लिहिलंय, तेही चूक — सहा. सहावी मी. मी घेतली नाही, कारण तपासणाऱ्याने तपासलेल्याकडून काही खायचं नसतं, असं आमच्या नियमपुस्तकात आहे. पान अकरा. तर त्यांनी ती माझ्या पर्समध्ये टाकली. डोंबिवलीला घरी आल्यावर सापडली. आत्याने खाल्ली. हे नियमात बसतं की नाही, पान अकरावर दिलेलं नाही.

चुका अशाच दुरुस्त करायच्या, ही आत्याची शिस्त. लहानपणी माझ्या मांडीच्या सांध्याचं दुखणं होतं. नऊ वर्षांची होईपर्यंत पायाला लोखंडी पट्ट्या, आणि चौथीपर्यंतची शाळा घरीच, जेवणाच्या टेबलावर, आत्यासमोर. "खाडाखोड नाही. चुकलेलं दिसू दे. खाली तारीख घालून बरोबर लिही." नोकरीला लागले तर संशोधनातही तोच नियम निघाला — चुकलेल्या आकड्यावर एक रेघ, शेजारी सही, तारीख. पहिल्या दिवशी मला वाटलं, ही सगळी मंडळी आत्याच्या हाताखाली शिकलेली आहेत!

वड्या कशाबद्दल, तेही काल लिहायचं राहिलं. म्हातारपणी चालणं-फिरणं कमी होत जातं, ते वेळीच थांबवता येतं का, असा आमचा अभ्यास आहे. कोपरीला एक केंद्र, डोंबिवलीला एक, माजिवड्याला ऑफिस. साठीपुढच्या माणसाने हातांची घडी छातीवर ठेवून खुर्चीतून पाच वेळा उठायचं-बसायचं. पंधरा सेकंदांहून जास्त लागले तर पायांत अडचण आहे — अभ्यासात घ्यायचं. कमी लागले तर छापील पत्र : "आपल्या हालचालींत सध्या मर्यादा आढळली नाही." खाली माझी सही. घेतलेल्यांतले निम्मे सोळा आठवडे व्यायाम करणार, निम्मे आरोग्यावरची व्याख्यानं ऐकणार. कोण कुठे, ते बंद पाकिटं ठरवणार. ती सोमवारी २४ तारखेला सकाळी दहाला उघडायची. एकदा उघडली की कोणाला आत घेता येत नाही.

विमलाबाई एकाहत्तर वर्षांच्या. १३.४ सेकंद. म्हणजे पत्र मिळालं, म्हणजे अभ्यासातून नापास, म्हणजे त्यांच्या मते पहिल्या नंबराने पास! "सरकारी घड्यालानं सांगितलंय," म्हणत होत्या. घड्याळ सरकारी नाही. मी तसं सांगितलं. कोणी ऐकलं नाही.

मी त्यांना पूर्ण न्याय दिला, हे मात्र नोंदवते. उठताना दर वेळी त्या "आई माऊली गोऽ" म्हणतात. तेवढा वेळ मी घड्याळ थांबवत होते. देवाचं नाव घ्यायला लागलेला वेळ गुडघ्यांच्या नावावर का मांडायचा? ज्याचं त्याला.

५ नोव्हेंबर, बुधवार

कोपरीत आजवर एकतीस तपासले, पात्र आठ. डोंबिवलीत तीस तपासले, पात्र एकवीस. असं का?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

असं का, ते योगिनी मॅडमना कळलं.

मॅडम म्हणजे या अभ्यासाच्या प्रमुख. सकाळी मला आणि सुशांतला केबिनमध्ये बोलावलं. सुशांत आकडे कॉम्प्युटरवर चढवतो. मॅडमनी दोन्ही केंद्रांचे आकडे शेजारी-शेजारी मांडले होते आणि त्यांचा चेहरा उजळला होता.

"कोपरीची ही मंडळी पूर्वी काय करायची?"

"शेती, मॅडम. आणि मिठागरं," मी म्हटलं.

"मिठागरं! उन्हात, चिखलात, डोक्यावर पाट्या घेऊन वीस-वीस वर्षं. चाळीस वर्षांपूर्वी पायांनी केलेलं काम आज दिसतंय, कृतिका. आणि डोंबिवलीकर? टेबल-खुर्ची. हे सोनं आहे."

सुशांत म्हणाला, "मॅडम, मी पण मीठ खातो. दाखवू का उठून?"

मॅडम हसल्या नाहीत. मिठागरात राबलेल्यांचे पाय उतारवयात मजबूत राहतात, अशा विषयावर परिषदेत पोस्टर लावायचं ठरलं. लेखकांत माझं नाव दुसरं. दुसरं! आईला फोनवर सांगताना मी "दुसरं, म्हणजे पहिलं नाही" असं तीनदा सांगितलं. गैरसमज नको.

एक मनात आलं. एकतीसपैकी मिठागरात कामाला कितीजण गेलेले, हे आपण विचारलेलंच नाही. बाहेर येताना सुशांतला म्हटलं. तो म्हणाला, "अगं, तू प्रश्न नको ना विचारूस. आपण आत्ताच दुसरे झालोय."

तो तिसरा आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

कोपरीच्या हॉलवर विमलाबाई उगीचच आल्या होत्या. "उगीचच" हा त्यांचा शब्द. माझं पत्र लॅमिनेट करून आणलं होतं.

"काठी धाकूला दिली," म्हणाल्या. धाकूबाई त्यांच्या शेजारी. "मना कनाला पायजे आता?"

त्यांचा मुलगा कमलेश सोबत होता. त्याने दोनदा माझे हात हातात घेतले. "ताई, खरं सांगू? मी आईला सहा वर्षं कुठं चढू नाय दिलं. दर साली एकविरेला जातो, ही खाली गाडीत बसून असते. तुमचा कागद बघितला आणि मलाच लाज वाटली. म्हटलं, आपण आपल्या आईला उगाच म्हातारी केली! येत्या तेवीसला, रविवारी, कार्ल्याला जातोय. आई पायांनी चढणार. पूर्ण डोंगर!"

विमलाबाई नवरीसारख्या खाली बघत होत्या.

मी म्हटलं, सावकाश चढा. कमलेशदादा म्हणाला, "सावकाश कशाला? तेरा सेकंद!"

१३.४.

१२ नोव्हेंबर, बुधवार

कोपरीत फ्लेक्स लागला! "मिठागराचे पाय, ठाण्याचा अभिमान!" खाली पत्र मिळालेल्या तेवीसजणांचे फोटो, गोलात. सौजन्य बंटीशेठ. ते इथले कार्यकर्ते. हॉल त्यांच्याच ओळखीने मिळालाय. शनिवारी २२ तारखेला संध्याकाळी सहाला गुणगौरव सोहळा. शाल, श्रीफळ. प्रमुख पाहुण्या योगिनी मॅडम. आणि कोपऱ्यात माझा फोटो — आधार कार्डावरचा, कुठून मिळाला देव जाणे — खाली "डॉ. कृतिका मॅडम".

मी बंटीशेठना फोन केला. म्हटलं, मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, तेवढं बदला.

"ताई, फ्लेक्सवर खाली कोन उतरत नसतो. आनि त्या दिवशी दोन शब्द बोलायचंय तुम्हाला. माईक देणार."

मला माईकसमोर घाम फुटतो. सांगितलं. म्हणाले, "फॅन लावू."

१३ नोव्हेंबर, गुरुवार, दुपार

डोंबिवली केंद्र. हे आत्ताच लिहून ठेवते, कारण संध्याकाळपर्यंत मी त्याला काहीतरी गोड रूप देईन. मी स्वतःला ओळखते.

रवींद्रकाका. अडुसष्ट वर्षांचे, केमिकल कंपनीत पस्तीस वर्षं शिफ्टमध्ये काढलेली. देव मानत नाहीत, आणि हे नाव सांगण्याआधी सांगतात. खुर्चीतून पाच वेळा उठले, तोंडातून अक्षर नाही. १६.१. पात्र. फॉर्म भरेपर्यंत शेजारच्या खुर्चीत बसून राहिले. त्यांच्यानंतर मीराबाई. त्या प्रत्येक उठण्याआधी "गजानन, गजानन" म्हणतात. १२.८. पत्र.

मीराबाई गेल्यावर काका म्हणाले, "मॅडम, एक विचारू? तुम्ही देवाला कन्सेशन देता?"

"म्हणजे?"

"त्या बाई गजानन म्हणाल्या की तुमचा अंगठा खाली. घड्याळ बंद. मग उठल्या की चालू. आमच्या प्लांटला असं केलं असतं ना, की वाफेचं प्रेशर वाढताना जरा मीटर बंद ठेवू — तर मी आज तुमच्यापुढे बसलो नसतो. भिंतीवर फोटो असता."

मी म्हटलं, तो वेळ पायांचा नाही.

"मग कोणाचा? मला पण दम लागतो हो. पण माझ्याकडे कोणाचं नाव नाही, म्हणून मी तसाच उठतो." मग हसले. "म्हणजे तुमच्या अभ्यासात सगळे नास्तिकच लंगडे निघणार!"

मी त्यांच्याकडे थोडं रागाने बघितलं. हे मुद्दाम लिहिते. राग आला, कारण ते बरोबर बोलत होते.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळ

आत्याला खुर्चीत बसवलं. बहात्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात, देवाचं नाव घेते. हवं ते सगळं आहे.

पहिल्यांदा माझ्या पद्धतीने. "श्रीराम" — अंगठा. उठली, बसली. "श्रीराम" — अंगठा. १२.९.

दहा मिनिटं विश्रांती. मग घड्याळ एकदाही न थांबवता. २०.३.

तीच बाई. तीच खुर्ची. एकदा तंदुरुस्त, एकदा अडचणीत!

"आत्या, देवाचं नाव घेताना तू काय करतेस?"

"काय करणार? दम घेते. गुडघ्याला म्हणते, बाबा रे, अजून एकदा." मग तिने माझा चेहरा पाहिला. "काय झालं गं?"

सांगितलं. ती गुडघे चोळत ऐकत राहिली. मग म्हणाली, "हे माझंच आहे."

आणि मला आठवलं. जेवणाचं टेबल, चावीचं घड्याळ, पाढे. सुरुवातीला श्लोक म्हणायचा आणि तोवर आत्या घड्याळ पालथं करून ठेवायची. "देवाचा वेळ देवाचा. तो आपल्या हिशोबात धरायचा नाही." मला ती जगातली सर्वांत न्याय्य गोष्ट वाटायची. अजून वाटत होती, आज दुपारपर्यंत.

"पण अगं," आत्या म्हणाली, "तेव्हा तू नवाचा पाढा म्हणत होतीस. मी तुझे गुडघे नव्हते मोजत."

मिठागर वगैरे काही नाही. कोपरीची माणसं देवाचं नाव मोठ्याने घेतात. डोंबिवलीची बहुतेक मनात घेतात. मनातलं मला ऐकू येत नाही, म्हणून तिथे घड्याळ चालू राहिलं. एवढंच!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नियमपुस्तक, पान सव्वीस : "वेळ सलग मोजावा. व्यक्ती मध्ये थांबल्यास चाचणी पुन्हा घ्यावी." मी हे पान पाठ म्हणू शकते. आधीही म्हणू शकत होते. मॅडमनी मला चाचणी शिकवली ती सुशांतला खुर्चीत बसवून. सुशांत उठताना देवाचं नाव घेत नाही. उठतानाच काय, परीक्षेतही घेत नसे.

किती वेळ थांबवलं, ते कुठेच नोंदलेलं नाही. म्हणजे जुने आकडे दुरुस्त होत नाहीत. सगळ्यांना पुन्हा बसवायला हवं. ज्यांना आम्ही "तुम्ही ठणठणीत" म्हणून घरी पाठवलं, त्यांनाच खरी गरज आहे. आणि २४ तारखेनंतर त्यांना आत घेता येणार नाही.

आणि २३ तारखेला विमलाबाई कार्ल्याचा डोंगर चढणार. माझ्या सहीवर.

रेघ, सही, तारीख. डोंगरावर कुठे मारायची?

१५ नोव्हेंबर, शनिवार

झालेली चूक कळवायचा एक फॉर्म असतो. भरला. पाच वेळा भरला. चौथा चांगला होता. पाचव्यात मी "अनवधानाने" लिहिलं आणि मग खोडलं — म्हणजे रेघ मारली — कारण ते अनवधान नव्हतं. मी फार लक्ष देऊन चुकले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मॅडमच्या केबिनमध्ये गेले. फॉर्म फाइलमध्ये. मॅडम फोनवर होत्या, पोस्टर स्वीकारल्याचं कळलं होतं. मला हाताने बसायला सांगितलं. मी उभी राहिले, म्हणजे बोलून लगेच निघता येईल.

फोन ठेवून म्हणाल्या, "बोल."

"मॅडम, ते घड्याळ..."

"बिघडलं? नवीन घे. बिल सुशांतकडे दे."

"तसं नाही, मॅडम, मी कोपरीत जे—"

परत फोन. मॅडम त्यावर म्हणत होत्या, "हो, आमची एक मुलगी आहे, इतकी काटेकोर, तिचे आकडे मी डोळे मिटून घेते."

मी तोंड मिटून बाहेर आले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नवीन घड्याळ आलं. चांगलं आहे. जुनंही चांगलं होतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सुशांतला सांगितलं. कोणालातरी सांगायचंच होतं. तो आधी खूप हसला. मग हसायचा थांबला आणि म्हणाला, "पण यार कृतिका, विमलाबाई?"

"हो."

"मॅडमचं सोड. पोस्टर फाटेल, दुसरं लावतील. बाई पडल्या तर?"

नियम असा आहे की चूक आधी प्रमुखांना कळवायची, तपासलेल्या लोकांशी परस्पर बोलायचं नाही. पान एकोणचाळीस. मी तसं म्हटलं.

सुशांत म्हणाला, "ठीकाय. मग डोंगराला ते पान वाचून दाखव."

२० नोव्हेंबर, गुरुवार

पान एकोणचाळीस मोडलं. विमलाबाईंच्या घरी गेले.

त्यांच्या जुन्या शेतावरच उभी राहिलेली बिल्डिंग, चौथा मजला, लिफ्ट. लिफ्टमध्ये उभी असताना लक्षात आलं — यांना जिना चढताना गेल्या कित्येक वर्षांत कोणी पाहिलेलंच नसणार. कमलेशदादा कामावर, सूनबाई बाजारात. बाई एकट्या होत्या. एकविरेला न्यायची ओटी भरून ठेवली होती, नवी हिरवी साडी कपाटाच्या दाराला टांगलेली.

मी म्हटलं, आजी, एकदा परत चाचणी करूया का.

"घड्याल आनलंस?"

"आणलंय. पण या वेळी मध्ये थांबायचं नाही. देवाचं नावही नाही. मी 'चला' म्हटलं की लागोपाठ पाच वेळा."

त्यांनी पदर खोचला. मग खुर्ची स्वतःच ओढून घेतली.

एक. दोन, वर येताना उजवीकडे झुकल्या. तिसऱ्यांदा अर्ध्यावर आल्या आणि हातांची घडी सुटली. माझा दंड धरला, घट्ट. मी त्यांना खाली बसवलं. घड्याळ चालूच होतं. बंद करायचं मला सुचलं नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा!

तीन वेळासुद्धा नाही. पाचचा प्रश्नच नाही.

पाणी दिलं. मग माझी चूक सांगितली, अंगठा, देवाचं नाव, सगळं. वाटलं रडतील. मीच रडायच्या बेतात होते.

त्या हसायला लागल्या.

"मना ठाव हाय गो पोरी. तुजा आंगठा बघितलेला मी. पयल्या बारीला आई बोलले, तं तो थांबला. दुसऱ्या बारीला जरा लांब बोलले. तरी थांबला! मंग काय, सावकाश दम घेतला. आई माऊली गोऽऽऽ." तो सूर त्यांनी मला पुन्हा काढून दाखवला. "मना वाटला, चांगल्या घरची पोर हाय, देवाला मान देतंय."

"पण का आजी? पास झालात तर अभ्यासात घेत नाहीत. व्यायाम मिळाला असता!"

"तुजा यायाम कनाला पायजे? मना कागूद पायजे व्हता. कमलेशला दाखवाला."

मग बोलत राहिल्या. नवरा होता तोवर दर वर्षी चढायच्या. तो गेल्यावर कमलेश म्हणतो, गुडघे नाहीत तुझे, खाली बस. सहा वर्षं. "सगली वर जातात, आई बघून येतात. मी खाली गाडीत, चपला बघत बसतंय. पंचवीस मानसांच्या चपला. आईनं इचारलं, विमल कं हाय, तं काय सांगतील? चपला राखतंय."

मला आठ वर्षांची, पट्ट्यांतली मी आठवले. टेबल, खिडकी, खाली मुलं लंगडी खेळताहेत. मला त्यांचे गुण लिहायचं काम दिलेलं असायचं. मी फार चोख लिहायचे.

म्हटलं, "खरा आकडा लिहिला तर तुम्हाला सोमवारी आत घेतील. सोळा आठवडे व्यायाम. चैत्रात यात्रा. तेव्हा चढाल."

"आनि पाकिटान तं लेक्चर निंगाला तं?"

लेक्चर निघू शकतं. निम्म्या पाकिटांत लेक्चरच आहे.

"तू सांग तुज्या बाईला," म्हणाल्या. "सांगू नको बोलत नाय मी. फकस्त सोमवारी सांग. आयतवारी मना जाऊ दे. मंग तो कागूद फाड, मना लेक्चर दे, काय पन दे."

मी हो म्हटलं. सोमवारी, २४ तारखेला, सकाळी साडेनऊला सांगेन. पाकिटं दहाला.

सोमवार सगळ्यांना सोयीचा आहे. पाकिटांना, मॅडमना, सोहळ्याला, विमलाबाईंना. मला तर फारच. इतकी सोय झाली की मला भीती वाटते.

निघताना त्यांनी पर्समध्ये वडी टाकली. या वेळी मला दिसलं. लिफ्टमध्ये खाल्ली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी कमलेशदादाचा फोन. "ताई, एक गाडी पुरत नाय, दोन केल्या! आईचं बघून सगळ्या आज्या तयार झाल्या. अकराजणी चढणार. एकीला पण खाली नाय बसवणार. सगळ्यांकडं तुमचं पत्र हाय!"

विमलाबाईंनी माझा अंगठा पाहिला होता. बाकीच्या दहाजणींना आपले पाय खरंच चांगले वाटताहेत.

दुरुस्ती. कालच्या पानावर "सोमवारी सांगेन" असं आहे. ते चुकलं. त्यावर रेघ मारली, सही केली, आजची तारीख घातली.

बरोबर असं : शनिवार, २२ नोव्हेंबर. पावणेसहाला स्टेजच्या मागे योगिनी मॅडमना. सहाला माईकवर बाकी सगळ्यांना. कमलेशदादा पहिल्या रांगेत असेल. विमलाबाईंचं नाव घेणार नाही, माझ्या अंगठ्याचं घेईन. त्या माझ्याशी पुन्हा बोलणार नाहीत, हे धरून चालले आहे.

सगळ्यांना पुन्हा बसवायला खुर्च्या तिथे असतीलच. घड्याळ मी घेऊन जाते.